खरवडलेली पट्टी

११ फेब्रुवारी

परत ताप!

टिचकीचा घसा लाल, गिळताना डोळ्यांत पाणी. शाळेत तिचं नाव काहीही असू दे, माझ्या लेखी ती टिचकी. जन्मली तेव्हा टिचकी मारली तर उडून जाईल एवढीच होती माझी नात. नऊ वर्षांची झाली, फार फरक नाही.

सूनबाईनं थर्मामीटर लावलं, झटकलं, परत लावलं — जसं काही पहिल्यांदा ते खोटं बोललं होतं. मी काजं करत बसले होते. शर्टांच्या दुकानाचं काम, उद्या द्यायचंय. सुई थांबवली नाही. पण टाके वेडेवाकडे पडले. उसवले. परत घातले. परत तसेच.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरांकडं सगळी वरात गेली. तोच जंतू घशात. गेल्या वर्षी यानंच तिच्या हृदयाची एक झडप दुखावली. आता जितक्या वेळा घसा येईल तितका झडपेवर घाला. बाकीच्या मुलांना या दुखण्यात ठरल्या वेळी एक इंजेक्शन देतात, घशावर पहारा राहतो. हिला ते सोसत नाही — पहिल्याच सुईला अंग सुजलं, ओठ निळे पडले. दुसऱ्या गोळ्यांना हा जंतू भीक घालत नाही. मग दवाखान्यात ठेवायचं, तिसरं भारी औषध द्यायचं, घसा साफ करायचा, घरी आणायचं. थोडे दिवस बरे जातात. मग परत!

"कुणीतरी घरातलंच तिला परत परत देतंय," डॉक्टर म्हणाले. "त्या माणसाला स्वतःला काही होत नाही. नुसता घशात जंतू बाळगतं."

सूनबाईनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. लिफ्ट दुरुस्त करतो तो. दोन मजल्यांच्या मधे अडकून राहायची त्याला सवय आहे.

१३ फेब्रुवारी

"घरातलंच." हा शब्द दातात अडकल्यासारखा झालाय. जीभ सारखी तिथंच.

थोरल्याचं असंच झालं होतं. थोरला म्हणजे माझा पहिला. हा लिफ्टवाला त्याच्या मागचा, तो गेल्यावर झालेला. आधी घसा, मग गुडघे सुजले, मग धाप. दोन जिने चढायला नको म्हणायचा. मग नुसतं अंथरुणात उशीला टेकून बसायचा, आडवं झालं की जीव गुदमरायचा. तेव्हा मला सांगितलं, उन्हातून आला आणि गार पाणी प्यायला. मी इतकी वर्षं गार पाण्याला शिव्या दिल्या!

आता कळतंय, पाण्याचा काही दोष नव्हता. कुणीतरी घरातलं होतं. त्या घरात आम्ही चौघंच होतो. सासूबाई, नवरा, मी आणि तो.

दुपारी मी काजं करत बसले की तो येतो. भिंतीकडच्या बुटक्या स्टुलावर बसतो, गुडघे पोटाशी घेऊन. कधीपासून येतो आठवत नाही. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गोळ्या चालू करतील. तो काही मागत नाही, बोलत नाही. मी म्हणते, आलास? बस. की झालं.

आज मात्र माझ्या तोंडाकडं बघत होता. डोळ्यांकडं नाही. तोंडाकडं.

१६ फेब्रुवारी

घरात कायदा आला! माझा पेला वेगळा, त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका. चमचा वेगळा, त्यालाही ठिपका. मलाच एक लावून टाक म्हटलं कपाळावर.

"आई, तुमच्या ताटातलं टिचकीला देऊ नका."

"माझ्या ताटात असतं काय देण्यासारखं? तूच वाढतेस."

"उष्टं म्हणतेय मी. आणि दुधावर फुंकर मारू नका तिच्या."

"मग भाजू दे तोंड."

"आणि तो धागा! प्रत्येक वेळी ओठात धरून ओला करता. ते शर्ट माणसं घालतात, आई!"

मी म्हटलं, माझ्या थुंकीनं ओवलेल्या काजांचे शर्ट घालून माणसं बोहल्यावर उभी राहिली, आजवर कुणी मेलं नाही.

बोलून गेले. मग स्टुलाकडं बघायचं टाळलं.

सूनबाईला नावं ठेवायला जागा नाही, हेच तर माझं दुखणं. पाळणाघरात काम करते, दिवसभर लोकांची शेंबडी पोरं. घरी आली की आधी हात — कातडी फाटेपर्यंत. मग त्या गुलाबी औषधी पाण्यानं खळखळून गुळणी. मग लेकीजवळ. मग मात्र सोडत नाही. तोंडाला तोंड लावून पापे, छातीला कान लावून झडप ऐकत बसते. जसं काही ती कानाला सांगणार आहे.

२१ फेब्रुवारी

टिचकीला दवाखान्यात ठेवलंय. तिथूनच एक बाई आली, घरातल्या सगळ्यांचे घसे बघायला. चाळिशीतली, केस आखूड, पिशवीत कापूस लावलेल्या काड्या. घशातलं पुसून नेते आणि काचेच्या ताटलीत लाल जेलीवर उगवायला ठेवते. मी तिचं नाव ताटलीवाली ठेवलं.

"आजी, आ करा."

"कवळी काढू का?"

"राहू द्या."

"बघ हं, खर्च करून बसवलीय. ओढून नेशील."

काडी पार मागं घातली. ओकारी आली, डोळे पुसले. मग जिभेवरून एक वेगळी काडी फिरवली — म्हणे, तोंडातले चांगले जंतू जमवण्याचं तिचं निराळं काम चाललंय. चांगले जंतू! चांगले चोर म्हणण्यातला प्रकार.

मुलानं आ केला. सूनबाई आत जाऊन गुळणी करून आली आणि मग आ केला, टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारखा.

२७ फेब्रुवारी

टिचकी घरी आली. बारीक झालीय. जिन्यावर एकदा थांबली आणि म्हणाली, बूट सैल झालाय. बूट सैल नव्हता. थोरलापण असंच काहीतरी सांगायचा. त्याचा चेंडू पडायचा.

३ मार्च

ताटलीवालीनं मला बोलावलं. म्हटलं, फाशीचा हुकूम वाचून दाखवायला का? हसली. तिघांच्याही घशात तो वाईट जंतू निघाला नाही म्हणाली. मुलाचा साफ, सूनबाईचा साफ. माझ्या घशाच्या ताटलीवर तर दुसरं कुणी धड उगवलंच नाही — सगळीकडं माझ्याच तोंडातला एक जंतू. साधा. रोग करत नाही. पण तो काय करतो ते बघा म्हणाली.

तिची खोली लांबट, एका भिंतीला कपाट. आत उबेला ताटल्या ठेवलेल्या, अंगाच्या उबेइतकीच ऊब. मी हात घातला आणि चटकन काढला. कुणाच्या तरी काखेत घातल्यासारखा वाटला.

एक ताटली उजेडाला धरली. मधोमध माझ्या जंतूची उभी पट्टी ओढली होती म्हणे. वाढू दिली. मग ती पट्टी खरवडून टाकली, उरलेसुरले औषधाच्या वाफेनं मारले. जागा मोकळी केली. आणि त्या जागेवरून आडव्या रेघा ओढल्या, दवाखान्यातल्या पोरांच्या घशातल्या वाईट जंतूंच्या.

रेघा डावीकडून आलेल्या. उजवीकडं गेलेल्या. मधे तुटलेल्या, सगळ्या! जिथं माझी पट्टी होती तिथं कुणी उगवलं नव्हतं.

"पण तू तर खरवडून काढलीस ना?"

"जंतू काढले, आजी. त्यांनी जे सोडलं ते जेलीत मुरलंय."

माणूस उचलून नेलं तरी त्याची जागा मारते! अंगावर काटा आला. मी म्हटलं, ते गार वारं बंद कर आधी.

काय सोडलं, तर प्रथिन. मी म्हटलं, दूध-अंड्यात असतं ते? म्हणाली, जात तीच, पण हे जंतूनं जंतूला मारायला केलेलं. जंतूला भिंत असते, ती तो रोज बांधतो. बांधायला आतून विटा बाहेर येतात. हे प्रथिन त्या विटेलाच मुठीत धरतं. भिंत तिथं थांबते. मग आणखी चार प्रथिनं येऊन चिकटतात आणि भिंतीच्या आतल्या कातडीला भोक पाडतात. आतलं मीठ, रस, सगळं बाहेर गळतं.

"ओरडतो का?"

"कोण?"

"मरणारा."

"नाही आजी. नुसता रिकामा होतो."

सगळे असंच मारत नाहीत म्हणे. आतड्यातल्या एका जंतूचं हत्यार समोरच्याच्या दारातून आत शिरतं. आणि दार कुठलं, तर ज्यातून तो आपलं खाणं आत घेतो तेच! दार बंद करावं तर उपाशी मरा, उघडं ठेवावं तर मारेकरी आत. आत गेल्यावर भोक पाडतं, नाहीतर कात्रीसारखं — ज्या दोऱ्यावर त्याचं सगळं गणगोत लिहिलेलं असतं तो दोराच कापत सुटतं. मी आयुष्यभर दोऱ्याचं काम केलं. एक दोरा तुटला की आख्खं काज उसवतं, ते मला कुणी शिकवायला नको.

"आणि मारतं कुणाला? दिसेल त्याला?"

"नाही. बहुतेक वेळा आपल्याच जवळच्या नात्यातल्यांना. लांबच्यांना धक्काही लागत नाही."

"म्हणजे भाऊबंदकी!"

"तसंच म्हणा," ती म्हणाली. "एकाच ताटात जेवायचं असतं ना त्यांना."

मग विचारलं, विष करणारा स्वतः कसा वाचतो. तर तो उतारापण करून ठेवतो. विष बाहेर सोडायचं, उतारा आपल्या अंगात ठेवायचा. ज्याच्याकडं उतारा नाही तो गेला. पण आतड्यातल्या त्या जंतूंना हत्यार बाहेर टाकता येत नाही. उपासमार झाली, जिवावर बेतलं की त्यांतले काही स्वतः फुटतात, तेव्हा ते सांडतं. फुटणारा मरतो. बाकीचे भाऊ जगतात, त्यांच्याकडं उतारा असतो.

"फुटणाऱ्याला विचारतं का कुणी?"

"आजी, ते जंतू आहेत."

निघताना तिनं बजावलं — टिचकीच्या घशातला जंतू अजून या पट्टीवर लावायचाय, तो जपून ठेवलाय. तोवर काही करू नका.

४ मार्च

आणखी एक म्हणाली होती ती, काल लिहायचं राहिलं. राहिलं नाही, लिहिलं नाही. हे जंतू घरातल्या घरात तोंडातून तोंडात जातात. एकदा बसले की वर्षानुवर्षं हलत नाहीत.

थोरल्यानं शेवटचं केळं मागितलं होतं. अर्धं खाल्लं, नको म्हणाला. उरलेलं मी स्वैपाकघरात उभ्या उभ्या खाल्लं. टाकवेना. दातांच्या खुणा होत्या त्याच्यावर.

मग हा जो माझ्या तोंडात पहारा देत बसलाय, तो कुणाचा?

मूर्खपणा. पण लिहिला.

५ मार्च

ताटलीचं घरी सांगितलं आणि घर फिरलं! सूनबाई भाताचा वाडगा घेऊन माझ्यासमोर उभी.

"आई, तुम्ही आधी एक घास घ्या. त्याच चमच्यानं तिला देते."

मी चमच्याकडं बघतच राहिले. परवापर्यंत दुधावर फुंकर मारली तर घर पेटत होतं!

"ती बाई थांबा म्हणाली."

"ती म्हणणारच. कागदावर येईपर्यंत तिला चालेल. मला नाही चालणार. तुमच्या तोंडात औषध आहे, आई, आणि मी ते धुऊन काढत होते."

डोळे भरले होते तिचे. लाल ठिपक्याचा पेला तिनं स्वतः घासून साफ केला, ठिपका गेला, नखं लाल झाली.

खरं सांगते, मला बरं वाटलं. नाही कशाला म्हणू? या घरात माझा उपयोग काजांपुरता होता. चमचा चाटला आणि दिला.

"ईईई, आजी!"

"गप. औषध आहे मी."

"मग तू कडू असायला हवीस."

"आईला विचार तुझ्या. कडूच आहे."

सूनबाई हसली! लग्न झाल्यापासून माझ्या बोलण्यावर पहिल्यांदा.

१८ मार्च

रोज तेच. सकाळी दूध मी आधी पिते, मग ती. सफरचंद मी आधी चावते. मुलगा म्हणाला, "आई, तू आता दुकान काढ. उष्टं मिळेल." म्हटलं, तुलाही देते, तुझ्या तोंडातून एक शब्द फुटतो का बघू.

टिचकीला ताप नाही. खेळते. जिन्यावर थांबली नाही.

दुपारी स्टूल रिकामं होतं. मी दोनदा वर बघितलं.

३० मार्च

आला. बसला. मी विचारलं, तोंडानं नाही, मनात — माझ्याकडं पहारेकरी होता तर तुझ्या घशात का नव्हता? तू तर माझ्या तोंडचंच खायचास.

तो शर्टाच्या ढिगाकडं बघत राहिला.

९ एप्रिल

सकाळी दूध नको म्हणाली. मी म्हटलं, नखरे. मग गळ्याला हात लावला.

पेटलेली!

१० एप्रिल

दवाखान्यात ठेवलंय. सूनबाई तिथंच. मी घरी. घरात माझ्या सुईचा आवाज येतो. सुईला आवाज नसतो म्हणतात. असतो.

१३ एप्रिल

ताटलीवाली वॉर्डात आली. ताटली घेऊन आली नव्हती, पण मला दिसलीच. टिचकीच्या घशातला जंतू माझ्या पट्टीवरून ओढला. रेघ डावीकडून आली, मधून गेली, उजवीकडं पोचली. कुठंही तुटली नाही!

"त्याच्याकडं उतारा आहे," ती म्हणाली. "तुमच्या जंतूच्या विषाचाच. कधीतरी त्याच्या वाडवडिलांनी हे विष स्वतः केलं असणार. करायचं विसरले, उतारा मात्र जपला."

म्हणजे माझा पहारेकरी बाकी सगळ्यांना मारून रस्ता मोकळा करणार, आणि हा पाहुण्यासारखा आत येणार. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथं कुंपण शेत खात नाही, पण चोर ओळखीचा म्हणून आत सोडतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. थोरल्याच्या घशातही पहारेकरी असेल. असून उपयोग नव्हता.

१४ एप्रिल

दवाखान्याच्या जिन्यात सूनबाई फुटली.

"तुमच्या तोंडून गेला, आई! आणि मी माझ्या हातानं भरवला!"

मुलगा म्हणाला, "अगं, आईच्या घशात निघाला नव्हता."

"निघाला नव्हता म्हणजे नव्हता असं नाही! आईंच्या ताटलीत दुसरं कुणी वरच येत नाही. त्या गर्दीत लपून बसला असेल. मीच विचारलं त्या बाईला, ती म्हणाली असू शकतो."

पायऱ्या चढणारी माणसं आमच्याकडं बघत, कडेकडेनं जात होती.

"तुम्ही बोला ना काहीतरी!" सूनबाई ओरडली.

मला आधीच वाटत होतं तेच ती बोलली.

१७ एप्रिल

झडपेचा फोटो काढला. आधी थोडी गळत होती, आता जास्त गळतेय. अजून एकदा घसा आला तर शस्त्रक्रिया टळणार नाही, आणि एवढ्या लहान छातीवर ती करायला नको वाटतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून हे घरातलं आधी शोधा. शोधा आणि मारा.

भोक. गळती. दुनियेत दुसरे शब्दच उरले नाहीत का?

२० एप्रिल

आज मी त्या जुन्या खोलीत फिरून आले. बसल्या जागी.

सासूबाई दाराशी. दात नव्हते, सारखी हिरड्यांवर जीभ फिरवायच्या. थोरल्याला भात कालवून भरवायच्या, गरम आहे का ते आधी स्वतःच्या ओठाला लावून. आ करा, म्हटलं. केला. काही दिसलं नाही.

नवरा खाटेवर. पोराला कधी जवळ घेतलं नाही, पण बिडी विझवून त्याला शीळ घालायला शिकवायचा, ओठ धरून. आ करा. तोंड फिरवलं. जिवंतपणीही तेच करायचा.

मग मी. आरशात.

सासूबाई गेल्या, नवरा गेला. खटला चालवायला आरोपी एकटीच उरलीय. साक्षीदार स्टुलावर बसतो आणि बोलत नाही.

मला कळायला नको होतं. गार पाणी बरं होतं. गार पाण्याचा राग करून माणूस जगू शकतं, जेवू शकतं, काजं करू शकतं. "घरातलंच" म्हटल्यावर कुठं जायचं?

२३ एप्रिल

ताटलीवाली सकाळी न सांगता आली. चहा व्हायच्या आत, कुणी चूळही भरली नव्हती. म्हणाली, या वेळी असेच घसे हवेत, पारोसे. आधी माझा. दोन काड्या, तीन काड्या. या वेळी जेलीत काही वेगळं घालणार, माझ्या जंतूची गर्दी दाबून मागचं कोण आहे ते बघणार.

मुलाचा घेतला. सूनबाई म्हणाली, "माझा कशाला परत? मागच्या वेळी साफ होता. आईंचाच नीट बघा."

"घेऊन ठेवते," ताटलीवाली म्हणाली. "नियम आहे."

सूनबाईनं केसांना पिन लावली, आ केला. ओठ सुकलेले होते, रडून रडून.

२६ एप्रिल

धाकट्या बहिणीला निरोप पाठवला, काही दिवस येते म्हणून. टिचकी घरी यायच्या आत मी निघालेली बरी. पिशवी भरली. दोन लुगडी, चष्मा, सुयांची डबी.

सूनबाईनं पिशवी पाहिली. "राहा" म्हणाली नाही. "जा" पण म्हणाली नाही. पिशवीवरचा चुरगळलेला टॉवेल उचलून नीट घडी घालून परत ठेवला.

ती वाईट नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात — इथं खाल्लं कुणी, खवखवतंय कुणाला! ती जेवत नाही. माझ्या मुलानं ताट समोर ठेवलं की चमच्याकडं बघत बसते. "माझ्या हातानं भरवलं" हेच बोलते. मला चांगलं माहीत आहे हे बोलणं. आधी मोठ्यानं असतं. मग बारीक होतं. मग आत जातं आणि तिथून बोलत राहतं.

२९ एप्रिल

टिचकीनं वॉर्डातून फोनवर विचारलं, "आजी, तू माझं औषध होतीस ना? मग काय झालं?"

म्हटलं, तारीख उलटून गेली होती माझी.

खूप हसली. मग धाप लागली, नर्सनं फोन घेतला.

२ मे

ताटलीवाली खाली फाटकाशी भेटली. वर यायला पाय उचलत नव्हता तिचा. माझा घसा साफ. तीनदा बघितला, तीनदा साफ. जंतू सूनबाईच्या घशात निघाला, ताटली भरून. मागच्या वेळी गुलाबी गुळणीनं झाकला गेला होता. पाळणाघरातून आला असेल.

मी म्हटलं, टिचकीला न सोसणाऱ्या औषधाच्या गोळ्या आम्हा सगळ्यांना दे, मलाही. नाव माझं राहू दे.

"आजी, खोटं कसं बोलू?"

"तू बोलूच नकोस. मी बोलते."

वर गेले. सूनबाई दारातच होती. म्हणाली, "आई, तुमच्याच घशात होता ना?"

हो, म्हटलं.